कुठली ओळ पटत नाही?

गणितात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. पाहुण्यांनी जन्मतारीख सांगायचा अवकाश, ती वार सांगून मोकळी. सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिने सगळ्या नातेवाइकांचे वार सांगून टाकले होते आणि थोरल्या दिरांनी तर तिला बाजूला बसवून तिची परीक्षा घेतली होती. असं असताना पदवीचे सगळे विषय सुटावेत आणि अडावं ते नेमकं गणिताच्याच एका विषयात, ही गोष्ट ती कोणाला फारशी सांगत नसे.

त्या विषयाचं नाव सिद्धता. त्यात उत्तर काढायचंच नसतं. उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं. ते तसं का, एवढंच लिहायचं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिला हसू आलं होतं. आयतं ताट वाढून ठेवलंय, फक्त हात धुऊन बसायचं, असं तिला वाटलं. पुस्तकातल्या सिद्धता तिने घडाघडा पाठ केल्या आणि परीक्षेला गेली.

परीक्षा फळ्यापुढे उभं राहून द्यायची होती. समोर म्हातारे सर. ओळ पटली की ते नुसतं "बरं" म्हणत, नाही पटली की गप्प बसत. म्हणून मुलांनी त्यांना बरं-सर नाव पाडलेलं. तिने भराभर चार ओळी लिहिल्या. तीनदा "बरं" आलं. चौथ्या ओळीला आलं नाही.

"ही वरच्या ओळीतून कशी निघाली?" सरांनी विचारलं.

"उघडच आहे, सर."

"उघड असेल तर सांगायला सोपं असेल. सांगा."

तिला सांगता आलं नाही. पाठ केलेल्या गोष्टीला मधूनच हात घातला की ती सगळीच सुटते, तसं झालं. पोटात तेव्हा ठमी होती आणि तिनेही नेमकी त्याच वेळी लाथ मारली.

आता ठमी चौथ्या वर्षात होती आणि पुन्हा परीक्षेला बसायची ही शेवटची संधी होती. या खेपेला विषय सुटला नाही तर नाव कमी होणार आणि आधीचे सुटलेले सगळे विषयही त्याबरोबर बुडणार. पदवी हवी तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या बाकावर जाऊन बसा. कडेवर पोर घेऊन ते कोण करणार होतं? "नाही सुटला तर नाही," असं नवरा फोनवर म्हणाला. फिरतीच्या नोकरीत तो महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असे. त्याने ते मायेनेच म्हटलं होतं, पण तिला ते लागलं. नाही सुटला तर नाही, हे तिला स्वतःला म्हणता येत नव्हतं.

दुपारी ठमी झोपली की तिचा अभ्यास सुरू व्हायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला ठमीसाठी काळा रंग दिला होता. दाराचा खालचा अर्धा भाग ठमीचा, वरचा आईचा. खाली हत्ती, बस आणि आत्याचं तोंड; वर समीकरणं. खडू दोघींत एकच डबा.

आत्या म्हणजे तिची नणंद. वरच्या मजल्यावर राहायची आणि बस कंपनीच्या तक्रार-खिडकीवर काम करायची. प्रवासात ज्यांचं सामान हरवलं, फुटलं, बदललं ते सगळे तिच्या खिडकीवर येत. सकाळची पाळी संपवून दुपारी ती घरी यायची तेव्हा सकाळभर ऐकलेल्या थापा तिच्या अंगात भिनलेल्या असायच्या. कोणी काही म्हणालं की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "कशावरून?" आज ऊन जास्त आहे. कशावरून? ठमीला भूक लागली असेल. कशावरून? नात्यातली माणसं तिला जरा टरकूनच असत.

एका दुपारी ती पायातल्या चपलांसकट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि दाराकडे बघत म्हणाली, "काय गं वहिनी, हे मंत्र कसले?"

"सिद्धता आहे, वन्सं. पुस्तकातली. पाठ करतेय."

"वाच बघू."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"थापा ऐकायला विषय कळावा लागत नाही. वाच."

तिने वाचली. कादंबरी वाचावी तशी सरसर. दुसऱ्याच ओळीला नणंदेने हात वर केला.

"थांब. हे कशावरून?"

"हे... हे असंच असतं."

"आमच्याकडेही असंच म्हणतात. बॅग माझीच आहे. कशावरून? आत निळा टॉवेल आहे, तो माझा. टॉवेल तुमचा कशावरून? माझ्या बॅगेत आहे ना." तिने चपला काढल्या आणि स्टूल ओढून बसली. "परत पहिल्यापासून वाच. बोट ठेवून. मी मान हलवल्याशिवाय पुढे जायचं नाही."

त्या दिवशी अर्ध्या पानाची सिद्धता तीन ओळींपुढे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती चिडली, रडकुंडीला आली, एकदा तर खडू आपटून म्हणाली, "वन्सं, पुस्तकात छापलंय ते खोटं असेल का?"

"खरंच असेल. पण तुला ते माहीत नाहीये. तुला फक्त ते छापलंय एवढं माहीत आहे."

तिने पुन्हा बोट ठेवलं. हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की प्रत्येक ओळीच्या मागे एक न लिहिलेली ओळ असते. पुस्तक ती गाळतं, कारण वाचणारा ती मनात भरून घेईल असा त्याचा भरवसा असतो. आजवर ती त्या रिकाम्या जागांवरून उड्या मारत आली होती. आता प्रत्येक जागी ती थांबायची, मधली ओळ स्वतःच्या हाताने लिहायची आणि मगच नणंदेकडे बघायची. नणंद मान हलवायची. कधी नाही हलवायची. तिला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समोरचा माणूस कुठे गुळमुळीत बोलतोय ते तिला बरोबर कळे.

वाचणं जमू लागलं. लिहिणं मात्र अजून लांब होतं.

पुस्तकात एक प्रश्न होता. सात घरं आहेत, प्रत्येक घरापासून बरोबर तीन दुसऱ्या घरांना तार जोडायची आहे, जमेल का? तिने दारावर सात गोल काढले आणि तारा जोडायला लागली. दर वेळी सहा घरं व्हायची आणि एक घर दोन तारांवर उपाशी राहायचं. ठमीने गोलांना डोळे आणि शेपट्या काढल्या. तिने ते पुसून पुन्हा मांडले. आठवडा असा गेला, आणि मग तिने खाली ठळक अक्षरांत लिहिलं: जमत नाही.

"कशावरून?" नणंदेने घरात पाऊल टाकता टाकता विचारलं.

"किती तऱ्हांनी काढून बघितलं मी, वन्सं. प्रत्येक वेळी एक घर राहतंच."

"म्हणजे तुला जमलं नाही." नणंदेने पर्स ठेवली. "परवा एक माणूस आला खिडकीवर. सगळी बस पालथी घातली म्हणे, बॅग मिळाली नाही, म्हणजे चोरीलाच गेली. लिहून घ्या म्हणाला. मी वाकून बघितलं तर बॅग त्याच्या बायकोच्या पायाशी. त्याला सापडली नाही म्हणून ती नव्हतीच का?"

ती हसली, पण हसू मध्येच थांबलं. तिने दाराकडे पाहिलं. जमत नाही. मला जमलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि गेली चार वर्षं ती त्या एकच धरून चालली होती. पहिल्या परीक्षेनंतर तिने स्वतःबद्दल जे ठरवून टाकलं होतं, त्याला तरी पुरावा काय होता? एकदा जमलं नाही, एवढाच. तिने ओल्या फडक्याने ती ओळ पुसली.

उत्तर सापडलं ते दाराशी नाही, जमिनीवर. ठमीने लोकरीचा गुंडा मिळवला होता आणि दुपारभर घरातल्या खुर्च्या, स्टूल, टेबल एकमेकांना बांधून ठेवले होते. "कोणी हरवू नये म्हणून," असं तिने कारणही दिलं. संध्याकाळी आई ते सोडवत बसली. एका खुर्चीच्या पायाची गाठ सोडली की तो दोरा हातात धरून दुसरं टोक शोधत जायचं. तिकडे दुसरी गाठ असायचीच. एक सोडली की तिची जोडीदार कुठेतरी असायचीच. स्टुलाच्या पायाशी बसून ती चौथा का पाचवा दोरा सोडवत होती आणि तिचे हात थांबले.

प्रत्येक तारेला दोन गाठी. म्हणजे गाठी नेहमी जोडीने येणार. सात घरं, प्रत्येकाला तीन गाठी. सगळ्या मिळून एकवीस. आणि एकवीसच्या जोड्या लागत नाहीत.

कशीही जोडा. तिने जोडावीत, दुसऱ्या कोणी जोडावीत, शंभर वर्षं बसून जोडावीत. ज्या मांडण्या तिने कधी काढल्याच नव्हत्या त्यासुद्धा एका फटक्यात निकालात निघाल्या होत्या. ती तिथेच फरशीवर बसून राहिली, गळ्यात लोकर, मांडीवर ठमीचे पाय. एवढं मोठं काहीतरी आपल्या हातात इतकं हलकं कसं लागतंय, हे तिला समजेना.

तिने जिन्यातून हाक मारली, "वन्सं, खाली या. आणि भांडायच्या तयारीने या."

नणंद आली. स्टुलावर बसली. ऐकलं.

"एखाद्या तारेला एकच टोक असलं तर?"

"मग ती घरं जोडत नाही, नुसती लोंबकळते. तशी तार यात मोजायचीच नाही."

"दोन्ही टोकं एकाच घरात खुपसली तर?"

"दुसऱ्या घरांना जोडायची, असं प्रश्नच सांगतोय."

नणंदेने दाराकडे बोट दाखवलं. "पुढे?"

"पुढे काही नाही. संपलं."

"एवढंच? आठवडाभर माझं डोकं खाल्लंस ते एवढ्यासाठी?"

पण तिने मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी म्हणे तिने खिडकीवर तावातावाने भांडायला आलेल्या एका गृहस्थाला हेच कोडं घातलं, आणि तो सुटकेसचं तुटलेलं हँडल विसरून शेजारच्या बाकावर सात गोल काढत बसला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ठमीने ओलं फडकं घेऊन सगळं दार स्वच्छ पुसून टाकलं. तिला ते शाबासकीचं काम वाटत होतं. वर लिहिलेली उजळणी सगळी गेली होती. मग आईने खडू घेतला आणि कोऱ्या दारावर पुन्हा लिहायला सुरुवात केली. शब्द तेच आले नाहीत, ओळींचा क्रमही थोडा बदलला, पण प्रत्येक ओळ मागच्या ओळीचं बोट धरून आली. लिहून झाल्यावर तिने स्वतःच दार पुसून टाकलं. पाठ काहीच नव्हतं. पुसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नणंदेने रजा टाकली. "ठमीला मी बघते. तू जा. आणि उघडच आहे असं म्हणू नकोस कोणाला."

खोली तीच होती. लांब खिडक्या, फळ्याची खडूची धूळ बसलेली कड, कोपऱ्यात न पुसलेली कोणाची तरी बेरीज. बरं-सर आणखी थकले होते. त्यांच्या शेजारी नोंद करायला एक तरुण बाई बसल्या होत्या. सरांनी तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. कोणा विद्यार्थ्याची सिद्धता होती ती. बरोबर आहे का ते सांगायचं; चूक असेल तर दुरुस्त करायची.

विधान असं होतं: पंचवीस माणसं एका जागी जमली, तर त्यांत निदान दोघं तरी असे असतात की त्यांच्या तिथल्या ओळखींची संख्या सारखी असते. ओळख म्हणजे दोन्हीकडून. मी तुम्हाला ओळखतो तर तुम्हीही मला. खाली सिद्धता: कोणाच्याही ओळखी कमीत कमी शून्य, जास्तीत जास्त चोवीस. माणसं या आकड्यांपेक्षा जास्त आहेत. म्हणून दोघांच्या वाट्याला एकच आकडा येणारच.

किती गुळगुळीत होतं ते. पूर्वीची ती असती तर घसरत खालपर्यंत गेली असती. तिने बोट ठेवलं. पहिली ओळ. बरोबर, स्वतःला सोडून उरतात चोवीस. दुसरी ओळ. माणसं आकड्यांपेक्षा जास्त. कशावरून? माणसं पंचवीस. आकडे एक ते चोवीस, आणि शून्य. शून्य धरलं तर आकडेही पंचवीसच.

"दुसरी ओळ चूक आहे, सर. यात शून्य मोजायचं राहिलंय. आकडे पंचवीस आहेत. प्रत्येकाला वेगळा आकडा पुरतो."

"बरं," सर म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हणजे विधान खोटं आहे तर."

तिला ती बायकोच्या पायाशी पडलेली बॅग दिसली.

"नाही, सर. ही सिद्धता जमली नाही, एवढंच. विधान खोटं आहे असं त्यावरून ठरत नाही."

"बरं." या वेळचं "बरं" जरा लांब होतं. "मग जमवा."

ती फळ्याकडे वळली. पंचवीस माणसं, पंचवीस आकडे, प्रत्येकाला एक. नक्की बसतात का? शून्यवाला कसा असेल? तिला ठमीच्या बालवाडीचं फाटक आठवलं. पहिल्या दिवशी ती भिंतीशी एकटी उभी होती, एकाही आईला ओळखत नव्हती. आणि घोळक्याच्या मध्यात एक बाई होत्या, त्यांना सगळ्या ओळखत होत्या आणि त्या सगळ्यांना. सगळ्यांना? भिंतीशी उभी असलेली ती त्यात कुठे होती? त्या बाई खरोखर सगळ्यांना ओळखत असत्या, तर ती तिथे एकटी उभीच नसती.

खडू फळ्याला लागला. समजा, प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे. माणसं पंचवीस, आकडे पंचवीस. म्हणून प्रत्येक आकडा कोणाच्या तरी वाट्याला आला. म्हणून एकजण शून्यवाला आहे आणि एकजण चोवीसवाला. चोवीसवाला उरलेल्या सगळ्यांना ओळखतो, म्हणजे शून्यवाल्यालाही. ओळख दोन्हीकडून असते, म्हणून शून्यवाला त्याला ओळखतो. पण शून्यवाला कोणालाच ओळखत नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. म्हणून आपण समजलो ते चूक. दोघांचे आकडे सारखे आहेतच.

तिने खडू खाली ठेवला. लिहिताना एकदाही "बरं" आलं नव्हतं. ती वळली. सर फळ्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या.

"मला नाही पटलं," ते म्हणाले.

हात आपोआप डस्टरकडे गेला आणि त्या लाकडाला तिची बोटं लागलीसुद्धा. मग ती पुन्हा फळ्याकडे वळली आणि वरून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ही आपण धरलेली. ही हिच्यातून. ही दिलेल्या अटीतून. नणंदेसमोर वाचायची तशी, घाई न करता, ती शेवटपर्यंत आली. सगळ्या ओळी आपल्या पायांवर उभ्या होत्या. त्यांना सरांच्या "बरं"ची गरज नव्हती. तिलाही, आत्ता या घडीला, नव्हती.

"कुठली ओळ, सर?" तिने शांतपणे विचारलं. "कुठली ओळ पटत नाही?"

सर उठले, सावकाश फळ्याशी आले. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. बोट खाली खाली सरकत गेलं, शेवटच्या ओळीखाली येऊन थांबलं. पुढे फळाच संपला होता.

"नाही सापडत," ते म्हणाले, आणि तोंडभर हसले. "बरं."

शेजारच्या बाई नोंद करता करता म्हणाल्या, "सर प्रत्येकाला एकदा असं म्हणून बघतात. बहुतेकजण पुसून टाकतात." त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली आणि कागद सहीसाठी सरांपुढे सरकवला. सही झाली. विषय सुटला. सगळे विषय सुटले.

ती रस्त्यावर आली तेव्हा भर दुपार होती. थांब्यावर बस लागली होती, पण ती चालतच निघाली. बसमध्ये बसून राहणं तिला शक्य नव्हतं. वाटेत दुकानासमोरची रांग दिसली, शाळेतून सुटलेल्या पोरांचा घोळका दिसला, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या मनात आलं: यांच्यातही दोघं आहेत. ओळखी सारख्या असलेले दोघं आहेतच. कोण ते मला माहीत नाही, विचारायचीही गरज नाही, पण आहेत. ती रस्त्याने एकटीच हसत होती आणि समोरून येणाऱ्या एका आजोबांनी तिला परत हसून दाखवलं.

दार नणंदेने उघडलं. केस विस्कटलेले, गालावर खडू. ठमीने तिला सकाळपासून चांगलंच दमवलेलं दिसत होतं. कपाटाच्या दाराचा वरचा अर्धा भाग कोरा होता. खाली गर्दी उतू चालली होती, तरी ठमीने वर एक रेघ मारली नव्हती.

"आईची जागा आहे ती," ठमीने खालून सांगितलं.

नणंदेने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "सुटला?"

"सुटला."

नणंदेचे ओठ सवयीने हलले. तो शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण तिने तो गिळला, वहिनीचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं, स्टूल ओढलं आणि ठमीला मांडीवर घेऊन बसली.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही."

"बोला की. बोलल्याशिवाय मजा नाही."

तिने डब्यातला सगळ्यांत लांब खडू काढला, कोऱ्या जागेवर वरच्या टोकाला हात नेला आणि लिहिलं: समजा.

"का समजू?" नणंद म्हणाली.